थांबवलेलं वाचन

शिंपी उठला, भर सभेतून पुढे गेला आणि त्यानं तोरेच्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या, उघड्या गुंडाळीवर मखमली आवरण ओढलं. वाचणाऱ्याचा शब्द तोंडातच राहिला. शब्बाथची, म्हणजे शनिवारची, सकाळ होती आणि ज्यूंचं ते सिनेगॉग भरलेलं होतं. वर सज्जात बसलेल्या बायका कठड्यावरून वाकून पाहू लागल्या. शिंप्याची बायकोही त्यांत होती.

रीत जुनी होती. ज्याच्यावर अन्याय झाला आणि कुणी दाद दिली नाही, त्यानं शब्बाथचं वाचन थांबवावं. त्याचं ऐकून घेतल्याशिवाय वाचन पुढे जात नसे. याआधी चाळीस वर्षांपूर्वी एका विधवेनं ते थांबवलं होतं. लोक दुपारपर्यंत उपाशी बसले, तेव्हा कुठे तिच्या दिरानं बळकावलेल्या घराची किल्ली काढून दिली. तेव्हापासून ही रीत सगळ्यांना पाठ होती, आणि ती आपल्यावर शेकू नये असंही सगळ्यांना वाटे.

शिंप्याची तक्रार काय असणार हे सांगायला नको होतं. पहिल्या रांगेत बसलेले सिनेगॉगचे विश्वस्त आणि तो, यांचं अकरा वर्षांचं हाडवैर. विश्वस्तांनी आपल्या माडीच्या भिंतीत खिडकी पाडली होती, ती नेमकी शिंप्याच्या दुकानावर. शिंपी म्हणे, हा माणूस दिवसभर डोकावतो, माझी गिऱ्हाइकं मोजतो. विश्वस्तांनी धर्मगुरू रब्बींसमोर, चारचौघांत सांगितलं होतं की खिडकी वाऱ्यासाठी आहे, त्या दुकानाकडे मी एकदाही पाहिलेलं नाही. तेव्हापासून दोघं एकमेकांच्या सावलीलाही उभे राहत नव्हते. आताही विश्वस्त दुखरा गुडघा चोळत उत्तराची जुळवाजुळव करू लागले. निघाली पुन्हा खिडकी, असं मागून कुणीतरी पुटपुटलं आणि दोघंतिघं हसले. बारा दिवसांत पहिल्यांदाच तिथे कुणी हसत होतं.

बारा दिवसांपूर्वी, सोमवारी सकाळी, प्रार्थना चालू असताना रस्त्यावरून दगड आला होता. रंगीत काच फुटली आणि दाराशी बसणाऱ्या म्हाताऱ्या सेवकाच्या कपाळाला सात टाके पडले. शहरात महिनाभर दंगे चालू होते, दोन गल्ल्या जळल्या होत्या. दुपारपर्यंत पोलिसांनी दुसऱ्या समाजाचा एक नळवाला पकडला, कारण तो त्या सकाळी त्या गल्लीत दिसला होता. कुणीतरी सापडलं म्हणून लोकांना हायसं वाटलं. खरं म्हणजे कोण सापडलं, याची फारशी चौकशी कुणी केलीच नाही.

रब्बींनी रीतीप्रमाणे विचारलं, "तक्रार कुणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध," शिंपी म्हणाला. "ज्याच्यावर अन्याय झालाय तो कोठडीत आहे. त्याला इथं येऊन वाचन थांबवता येत नाही, म्हणून मी थांबवलं."

मग त्यानं सगळं सांगितलं. त्या सोमवारी तो प्रार्थनेला आला नव्हता, कारण दुकानातला नळ तुटून कापडाचे तागे भिजत होते. दगड आला तेव्हा नळवाला त्याच्या दुकानात फरशीवर आडवा पडून पाना फिरवत होता. काच फुटल्याचा आवाज दोघांनी एकदमच ऐकला. कुणाला लागलं नाही म्हणजे मिळवलं, असं नळवाला म्हणाला होता. दुपारी त्याला धरून नेलं तेव्हा शिंपी तोंडात टाचण्या धरून दारात उभा राहिला. बोलला असता तर आपलेच लोक म्हणाले असते, सेवकाचं रक्त वाळलं नाही आणि हा त्यांची बाजू घेतो. चोर सोडून संन्याशाला सुळी चालली होती आणि हे एकट्या शिंप्याला ठाऊक होतं. तो नळ बारा दिवसांत एकदाही टिपकला नाही, असंही त्यानं सांगितलं. परवा कोर्टात तारीख होती. एकट्यानं जायची त्याची छाती नव्हती.

खाली बस, असं कुणीतरी ओरडलं. पण दाराशी बसलेला सेवक कपाळावरची पट्टी सावरत उभा राहिला आणि म्हणाला, त्याला बोलू द्या, डोकं माझं फुटलंय.

रब्बींनी दाढी कुरवाळली. "एका साक्षीनं गोष्ट ठरत नाही," ते म्हणाले. "आपल्या शास्त्रात दोन लागतात. आणि कोर्टातही म्हणतील, हा त्याचं नेहमीचं गिऱ्हाईक, हा बोलणारच. दुकानात आणखी कुणी होतं?"

कुणी नव्हतं. बायको त्या सकाळी इथेच, वर सज्जात होती. शिंप्यानं मान हलवली, पण आवरणावरचा हात काढला नाही. त्याला वाटलं, संपलं. आपण बोललो आणि बोलूनही तो माणूस आतच राहणार.

तेवढ्यात पहिल्या रांगेत काठी वाजली. विश्वस्त उठत होते. उठायला त्यांना वेळ लागला. त्याच गुडघ्यामुळे ते त्या सोमवारी घरी, माडीवर बसून होते. उभे राहिले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी रब्बींकडे पाहिलं नाही, सज्जाकडे पाहिलं नाही.

"तो नळवाला डावखुरा आहे," ते म्हणाले.

शिंप्यानं चमकून वर पाहिलं. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

"अकरा वर्षं रोज बघतोय मी त्या खिडकीतून. त्या दिवशीही बघत होतो."