तडे वाळेपर्यंत

“एकाच हाताची नखं रंगवू की काय? दुसरा हात आण इकडे,” रेविन म्हणाली.

टीगनचा उजवा हात टेबलावर होता. डावा आईच्या मुठीत होता.

“ती सोडतच नाही गं,” जनीन म्हणाली. “बाथरूमला गेली तरी मला दारात उभं राहावं लागतं. फेब्रुवारीपासून हे असंच चाललंय.”

फेब्रुवारीत भर दुपारी भूकंपाने क्राइस्टचर्च शहर हादरलं, तेव्हा टीगन शाळेत होती. जनीन जमिनीतून उसळून वर आलेला गुडघाभर गाळ तुडवत शाळेपर्यंत धावली आणि मैदानात उभ्या असलेल्या लेकीचा हात धरून तिला घरी घेऊन आली. तेव्हापासून तो हात सुटलाच नव्हता. पाण्याच्या टँकरच्या रांगेत, दुकानात, झोपेतसुद्धा. बिचारं पोर, आईला कसं चिकटून असतं बघा, असं सारी आळी म्हणायची. शाळा केव्हाच पुन्हा सुरू झाली होती, पण टीगन जात नव्हती.

आता मात्र गळ्याशी आलं होतं. सोमवारी शाळेचं नवीन सत्र सुरू होणार होतं. त्याच सोमवारी जनीनला वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यात कामावर हजर व्हायचं होतं. नाही आलीस तर दुसरी बाई ठेवू, असं तिथल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून ती शेजारच्या रेविनकडे आली होती. रेविनचं पार्लर शहराच्या मध्यभागी होतं. पडझडीमुळे तो भाग लष्कराने कुंपण घालून बंद केला, तसं तिने स्वयंपाकघरातच दुकान थाटलं. बाईची जीभ तिच्या कात्रीपेक्षा तेज, पण अडल्यानडल्याला सगळे तिच्याकडेच यायचे.

रेविनने टेबलावर काळ्या रंगाच्या तीन बाटल्या मांडल्या. आपोआप तडे जाणारं नेलपॉलिश. त्या वर्षी पोरींना त्याचं नुसतं वेड लागलं होतं. एक बाटली औषधाच्या दुकानातली, एक सिडनीच्या बहिणीने पाठवलेली, एक स्वस्तातली. टीगन खुर्चीत पुढे सरकली.

“अख्ख्या गावाला तडे गेलेत, आणि तू विकत आणतेस होय?” जनीन म्हणाली.

“हे निदान माझ्या पसंतीचे आहेत. चला, तिन्ही लावून बघू कोणती बरी. पण दोन्ही हात हवेत. सोडा बघू.”

टीगनने आईकडे पाहिलं. थोड्या वेळाने डावा हातही टेबलावर आला. घामाने तो चिंब झाला होता. रेविनने तो टॉवेलने पुसला.

“मी इथेच आहे हं, राणी,” जनीन म्हणाली. “घाबरू नकोस.”

आधी सगळ्या नखांना गुलाबी रंग लागला. तो वाळेपर्यंत चहा आणि आल्याची बिस्किटं झाली. जनीनने चहाला तोंडही लावलं नाही. तिचा हात मांडीवर नुसता उघडमिट करत होता.

“खालचा रंग पक्का वाळू द्यायचा,” रेविन सांगत होती. “ओल्यावर काळा लावलास तर सगळाच राडा होतो. आणि काळ्याचा एकदाच हात मारायचा. पुन्हा वरून फिरवायचा मोह झाला, की गेलं सगळं मुसळ केरात.”

तिने अंगठ्यावर औषधाच्या दुकानातली बाटली चालवली. बघता बघता केसासारखे बारीक तडे उमटले. सिडनीवाली तिने जाड लावली, तर मोठाल्या भेगा पडल्या आणि त्यांतून गुलाबी डोकावू लागला. स्वस्तातली मात्र काही केल्या तडकेना.

“ही तर ढिम्म हलत नाही, मावशी!” टीगन खिदळली. “हिलाच आपल्या घरांना लावायला हवी होती!”

रेविन पोट धरून हसली. जनीन कसंबसं हसली. “झालं का? किती वेळ लागेल अजून? ती घाबरेल गं अशी.”

मग उरलेल्या नखांना सिडनीवाली लागली आणि सगळ्यांवर चमकीचा पारदर्शक हात फिरला. “आता वाळेपर्यंत हलायचं नाही,” रेविनने बजावलं.

आणि नेमका तेव्हाच तो आवाज आला. लांबून मोठा ट्रक यावा तसा. कपाटातले कप किणकिणले. दिवा झुलू लागला. टेबल सरकलं. रेविनने किटली घट्ट धरली.

जनीनने झडप घालून लेकीचे दोन्ही हात पकडले.

जमीन थांबली. कुठेतरी कुत्रा भुंकत राहिला. हादरा थांबला की तो किती रिश्टरचा असेल त्याचा आकडा अंदाजाने सांगायचा, ही आता गावाची सवयच झाली होती. बरोबर कोण निघालं ते नंतर रेडिओवर कळायचं.

“चार पॉइंट दोन,” टीगन म्हणाली. ती खुर्चीतून हललीसुद्धा नव्हती.

“चार पॉइंट पाच,” रेविन म्हणाली. “लाव पैज.”

जनीनने आकडा सांगितला नाही. तिने लेकीचे हात आणखीच आवळले.

“आई, सोड ना गं! माझे तडे वाळायचेत अजून. सोमवारी शाळेत दाखवायचेत मला.”

तरी मूठ सुटेना. रेविनने जवळ येऊन एकेक बोट हळूच उघडलं. जनीनच्या तळव्यावर काळा-गुलाबी राडा झाला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग तिला रडू कोसळलं. रेविनने खुर्ची पुढे ओढली आणि जनीनला बसवलं.

टीगनने बिघडलेली नखं बघून तोंड वाकडं केलं. मग गुलाबी बाटली उघडली.

“हात टेबलावर ठेव, आई. दोन्ही,” ती म्हणाली. “घाबरू नकोस. मी इथेच आहे.”