सवतीची केबल

गॅरेजवाल्याची बायको त्याच्या जुन्या लाल स्पोर्ट्स कारला सवतच म्हणायची. बायकोने काय नेसलंय हे त्याला कधी दिसायचं नाही, पण गाडीचा आवाज जरा बदलला की घास हातातच राहायचा.

हल्ली सवत रुसली होती. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की किकडाउन केबल ताणली जाऊन खालचा गिअर पडायला हवा आणि गाडी उसळायला हवी. ही नुसती कण्हायची. आज केबल पुन्हा घट्ट बसवून तो हात धुवायला गेला, आणि बायकोने ती काढूनच घेतली. घाईघाईत मनगटाला गुंडाळली, टोकं एकमेकांत पिळली आणि वरून बाही ओढली.

“चढावर बघून येतो,” तो म्हणाला.

“जा की. तिचंच मन राख.”

ती दारात कान देऊन उभी राहिली. चढ लागला. खालचा गिअर पडला आणि गाडी लाडात आल्यासारखी गुरगुरली.

मनगटावरची केबल आवळली.

आवाज उतरला तशी सैल पडली. पुन्हा चढला तशी आणखी आवळली. बोटं काळीनिळी पडायला लागली. बाही वर सारून ती टोकं चाचपू लागली. स्वतःच्या हातांनी पिळलेली टोकं, आता एकही सापडेना.

चढ अजून निम्मा बाकी होता.