भेटीची खोली

मुलाला गाडीखाली चिरडणाऱ्या ड्रायव्हरला भेटायला बायको तुरुंगात निघाली, तेव्हा गवंडी तिच्यावर उखडलाच. "आपलं पोरगं गेलं तेव्हा तुझा येशू कुठे झोपला होता?" त्या माणसाला चांगलं फैलावर घ्यायचं, म्हणून तोही तिच्याबरोबर गेला.

जाळीपलीकडे ड्रायव्हर मान खाली घालून बसला होता. "मावशी, माफी मागायलासुद्धा मला तोंड नाही," म्हणत तो ढसाढसा रडायला लागला.

तिने बोटं जाळीतून आत घातली. "माफ केलं, बाळा."

गवंड्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. मुलगा गेल्यापासून 'बाळा' हा शब्द तिच्या तोंडून निघाला नव्हता. ओठांवर आलेल्या शिव्या त्याने गिळून टाकल्या.

बाहेर आल्यावर त्याने हळूच विचारलं, "कसं गं जमलं तुला?"

"मला कुठलं जमतंय? सकाळपर्यंत मलाही त्याचा गळा दाबावासा वाटत होता. आत येशूच बोलला, अहो. मी नुसती ऐकत होते."

घरी येऊन ती प्रार्थनेसाठी गुडघे टेकून बसली. मागून त्याचा घोगरा आवाज आला, "जरा सरक."