तिसरं गाव

देशाची गरिबी बाजार हटवेल की सरकार, हे ठरवायचं काम यंत्राकडे गेलं. यंत्राने नदीकाठचं धामणी बाजाराच्या हवाली केलं आणि पलीकडचं कोळवण सरकारच्या. दोन्हीकडे नवे दवाखाने उभे राहिले. टेकडीवरच्या आंबेरीत काहीच आलं नाही.

आंबेरीची कौसल्या तापाने फणफणलेल्या लेकीला पाठीशी बांधून धामणीला गेली. दवाखान्याच्या दाराने तिचा चेहरा ओळखला आणि ते उघडलंच नाही. दुप्पट पैसे देते म्हणाली, तरी नाही. मग ती होडीने कोळवणला गेली. तिथेही तेच झालं.

तिथला डॉक्टर काचेआडून हळूच म्हणाला, "बाई, तुमच्या गावाला औषध द्यायला मनाई आहे."

"का? आम्ही काय केलं?"

"काही नाही. ही दोन गावं किती सुधारली ते कळायला, काहीच न मिळालेलं एक गाव शेजारी लागतं."

कौसल्याने लेकीच्या कपाळावर हात ठेवला. "कुठवर?"

"फरक ठळक दिसेपर्यंत."

तेवढ्यात मागच्या बाईसाठी दार उघडलं. कौसल्याकडे न बघता ती आपल्या मुलाला घेऊन आत गेली.