नव्वदने वर

"पगार वाढवा म्हणून मी कधी आलो होतो तुमच्याकडे? सांगा ना! कधी आलो होतो?"

मालक बघतच राहिला. तीस वर्षं छापखाना चालवतोय, पगारावरून भांडणारे त्याने ढीगभर बघितलेत. वाढला म्हणून भांडणारा हा पहिलाच. कागद कापायच्या मशीनवर असतो, म्हणून सगळे त्याला कटरच म्हणतात.

"अरे, आठशे वाढवलेत मी! बाकीचे थँक्यू म्हणून गेले, आणि तू अंगावर येतोस?"

"बाकीच्यांच्या बायका डायलिसिसवर नाहीत." कटरने मोबाइल टेबलावर आपटला. स्क्रीनवर मेसेज होता. कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेच्या वर गेलंय, मोफत उपचारांचं कार्ड उद्यापासून बंद. "नव्वदने वर गेलोय, मालक. नव्वद! आता घरखर्च भागवून दोन वेळचे पैसे भरले की महिन्याचा पगार संपला. आणि आठवड्यातून दोनदा असतं ते."

मालक खुर्चीत मागे रेलला. "म्हणून तर म्हणतो, सरकारने फुकट द्यायलाच नको काही. दिलं की हे असं. माणूस पगारवाढ घ्यायला घाबरतो."

"मग सगळ्यांनाच द्या ना. मर्यादा कशाला ठेवता?"

"आणि पैसे कोण, तुझा सासरा भरणार?"

काचेपलीकडे दोन मशीन धडधडत होत्या. एकीवर सगळ्यांना मोफत उपचार देऊ म्हणणाऱ्यांची पत्रकं, दुसरीवर हे देशाला परवडणार नाही म्हणणाऱ्यांची. ॲडव्हान्स दोघांनीही दिला होता.

"कमी करा पगार," कटर म्हणाला.

मालकाने कोपऱ्यातल्या हिशेबाच्या बाईंकडे बघितलं. बाईंनी नकारार्थी मान हलवली.

"वरती सरकारला कळवून झालंय, दादा. आता कमी केला तरी वर्षभर वाढलेलाच धरतात." मग जरा थांबून, मालकाकडे न बघता त्या म्हणाल्या, "नोकरी गेली असेल तर नव्याने अर्ज करता येतो. पंधरा दिवसांत कार्ड मिळतं."

"मग सोडतो. आत्ता लिहून देतो."

"स्वतःहून सोडलेली चालत नाही. मालकाने काढलेलं लागतं. पत्रावर कारण लागतं."

"काढा मला, मालक."

"डोकं फिरलंय का तुझं? चौदा वर्षांत एक कट वाकडा मारला नाहीस. काय लिहू? काम फार चांगलं करतो म्हणून काढला?"

कटर उठला आणि बाहेर गेला.

दोघं काचेतून बघत होते. त्याने छापलेल्या पत्रकांची एक थप्पी उचलली. कुठल्या पक्षाची, तेही बघितलं नाही. सवयीने चारी बाजूंनी ठोकून सरळ केली, पात्याखाली सरकवली. मग माप बदललं. दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबली. पातं खाली आलं. त्याने दुसरी थप्पी घेतली. मग तिसरी.

मालक धावत बाहेर आला. मशीनच्या पायाशी पुढाऱ्यांची अर्धी अर्धी तोंडं पडली होती.

"अरे थांब! उद्या सकाळी माल द्यायचाय! थांब म्हणतो ना!"

कटरने चौथी थप्पी उचलली.

मालकाने त्याची कॉलर धरली. "नालायका! घरच्यासारखा ठेवला तुला! चल, निघ इथून! परत तोंड दाखवू नकोस!"

"असं तोंडी नाही," कटर म्हणाला. "लेटरहेडवर द्या."

मालकाचा हात कॉलरवरून सुटला.

पत्र बाईंनी टाइप केलं. चार ओळी, कारण निष्काळजीपणा. मालकाने न वाचताच सही केली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"आणि हे पंधरा दिवस?" बाईंनी हळू आवाजात विचारलं. "चार वेळा डायलिसिस येईल ना?"

"शेवटचा पगार मिळेल, त्यात दोन होतात."

"आणि राहिलेले दोन?"

"मेसेज आल्यापासून ती म्हणतेय, चुकलं एखाद-दुसरं तर राहू दे. पाणी कमी पिते म्हणते."

बाई टेबलाकडे वळल्या. ड्रॉवर उघडून शिक्का शोधायला लागल्या. खालचा ड्रॉवर बघितला, मग परत वरचा.

"मारा ना लवकर, मॅडम," कटर म्हणाला. त्याचं लक्ष घड्याळाकडे होतं. "कार्डावरचं आजचं शेवटचं आहे. चारचा नंबर आहे तिचा, पाच मिनिटं उशीर झाला तरी दुसऱ्याला झोपवतात. ती घरी तयार होऊन बसली असेल. मला निघायला हवं आता."