पूर्ण खात्री

विद्यापीठाच्या दुसऱ्या पत्राला ग्वाक सांग-ह्योक यांनी तीन महिने उत्तर दिलं नव्हतं. आळसाने नाही. पहिल्या वेळी काय लिहायचं ते दिसत होतं. या वेळी दाखवणारं कोणी नव्हतं.

पहिला कागद चर्चच्या तळघरात भरला होता. सिगारेट सोडण्याचा वर्ग संपलेला, कोरियाहून लॉस एंजेलिसला येऊन म्हातारे झालेले बारा जण बाकांवर. विद्यापीठाच्या मुलीने वीस प्रसंग लिहून आणले होते: जेवणानंतर, भांडणानंतर, दारूच्या बैठकीत, जवळच्या मित्राबरोबर. तेव्हा सिगारेट ओढणार नाही, याची खात्री किती? पुढे पाच चौकोन, ‘अजिबात नाही’पासून ‘पूर्ण’पर्यंत. मिनदादांनी न वाचताच ‘पूर्ण’च्या रांगेत वरपासून खालपर्यंत खुणा केल्या.

“दादा, वाचा तरी,” ग्वाक म्हणाले.

“पोरगी दोन बस बदलून आलीय. तिचं तोंड कशाला उतरवायचं?”

मिनदादा ग्वाक यांच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठे. त्यांच्या लाँड्रीत ग्वाक बावीस वर्षं इस्त्री करत होते. मोठ्याने जिथे खूण केली, तिथेच धाकट्याने केली.

मिनदादा फुप्फुसानेच गेले. आज शंभर दिवस झाले होते. डॉक्टरांना ग्वाक यांच्या छातीच्या फोटोतही एक डाग दिसला होता. थांबून बघू, ते म्हणाले होते, पण आता एकही सिगारेट नको. नऊ महिन्यांत एकही झाली नव्हती. सकाळी बायकोने तेच वीस प्रसंग असलेलं दुसरं पत्र त्यांच्या कोटात घातलं. “आज भरून पेटीत टाकूनच या. ती मुलगी मला फोन करते, मी काय सांगू?”

आता ते टेकडीवरच्या दफनभूमीत उभे होते. मिनवहिनींनी थडग्यावर सोजू दारूचा पेला ठेवला, नाशपाती सोलून ठेवली. मग पिशवीतून सिगारेटचं कोरं पाकीट आणि लायटर काढला.

“वहिनी, हे काय?”

“शेवटी शेवटी ह्यांनी किती मागितली. मुलांनी दिली नाही, मीही दिली नाही. आता काय बिघडणार आहे? पेटवून दगडावर ठेवा. मला पेटवता येत नाही.”

“मी सोडलीय, वहिनी.”

“म्हणून तर तुम्हाला आणलं. दुसऱ्या कोणाला आणलं असतं तर पाकीट इथेच संपलं असतं.”

झुरका घेतल्याशिवाय सिगारेट पेटत नाही. ग्वाक यांनी थडग्याकडे पाठ वळवली, तोंडावर हात धरला आणि ओढली. दुकानामागच्या गल्लीत ते असेच ओढत. मोठ्यांच्या तोंडावर धूर सोडत नाहीत.

सिगारेट दगडावर ठेवली. वाऱ्याने विझली.

दुसरीही विझली.

“ह्यांनी जिवंतपणी कधी विझू दिली नाही,” वहिनी म्हणाल्या.

तिसरी नीट पेटली. ती मात्र त्यांनी दगडावर ठेवली नाही. तशीच पाठ करून, तोंडावर हात धरून, शेवटपर्यंत ओढली. चौथी त्यांनी दगडावर ठेवली आणि ती जळून जाईपर्यंत दोघं उभे राहिले.

फाटकापाशी निळी टपालपेटी होती. ग्वाक थांबले. कोटातून कागद काढला, वहिनींच्या गाडीच्या टपावर पसरला. अकरावा प्रसंग: जवळच्या मित्राबरोबर. त्यांचं पेन बराच वेळ पहिल्या चौकोनावर राहिलं. बोटांना वास येत होता.

मग ते पेन शेवटच्या, ‘पूर्ण’च्या रांगेत गेलं आणि वरपासून खालपर्यंत वीस खुणा करत उतरलं.

“काय लिहिलंत?” वहिनींनी विचारलं.

“दादांनी लिहिलं होतं तेच.”

“बरं केलंत. ती मुलगी मयतीला आली होती. फार रडली.”

ग्वाक यांनी कागदाची घडी लिफाफ्यात घातली, कडेला जीभ फिरवली. तोंडाची चव तंबाखूची होती.

वहिनींनी पाकीट पुढे केलं. त्यात सोळा उरल्या होत्या.

“हे घरी नेऊन मी काय करू? टाकवत नाही. ह्यांचं म्हणून ठेवा.”

मोठ्यांनी दिलेलं एका हाताने घेत नाहीत. ग्वाक यांनी आधी पेटीचं झाकण ओढून लिफाफा आत सोडला. मग किंचित वाकून दोन्ही हात पुढे केले.