एकशे तेरा किल्ल्या

मावशीने किल्ल्यांची पेटी नव्या साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि वर रजेचा अर्ज. लेकीचे दिवस भरत आले होते. चारची बस होती. पिशवी केव्हाच भरून झाली होती.

राजवाड्याच्या एकशे तेरा किल्ल्यांवर ना नाव, ना नंबर. पहिल्या राजाचा हुकूमच तसा होता: किल्ल्या पेटीत, खुणा एकाच्याच डोक्यात. ते डोकं आधी मावशीच्या बापाचं होतं, मग तिचं आलं. राजा गेला, सेनापती आला. तो गेला, अध्यक्ष आले. पडदे बदलले, तसबिरी बदलल्या. मावशी तेवढी हलली नाही, कारण ती हलली तर साहेबांच्या आंघोळीचीही पंचाईत. सव्वीस वर्षांत तिला एक दिवसाची रजा मिळाली नव्हती. लेकीला मात्र तिने एकही किल्ली ओळखू दिली नाही. शाळा संपताच परगावी धाडली.

जुने साहेब गेले आणि नवे यायचे, त्यात या खेपेला आठवडा मोकळा मिळाला. मावशीने एकूण एक किल्लीला चिठ्ठी बांधून टाकली. आता कुणीही यावं आणि दार उघडावं. तिची सुटका झाली होती.

"राणीसाहेबांची न्हाणी. दार जरा उचलून धरा," साहेबांनी वाचलं आणि हसले. "वा मावशी! हे आजवर कुणाला सुचलं कसं नाही?"

मग एक लहान, गंजकी किल्ली हाताला लागली. तिची चिठ्ठी लांबलचक होती. "मागचं दार. महाराज, सेनापती आणि गेले साहेब इथूनच गेले."

साहेबांचं हसू मावळलं.

"यांना दार उघडून कुणी दिलं?"

"मीच की. दर वेळी मलाच उठवलं."

"आणखी कुणाला ठाऊक आहे हे?"

"कुणालाही नाही," मावशी अभिमानाने म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला कळलं की आपण आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला.

"ज्या दारानं जाता येतं, त्यानं कुणाला आतही येता येतं, मावशी." साहेबांनी खणातून कात्री काढली. भाजी निवडावी तशा निगुतीने ते एकेक चिठ्ठी कापू लागले.

"साहेब, पहिलटकरीण आहे हो. जावई बोटीवर. पोर एकटी आहे. चार दिवस तरी सोडा मला."

"एकटी कशाला राहील? इथं खोल्या काय थोड्या आहेत? बाळंतपण इथंच होऊ दे. मग सावकाश तिलाही किल्ल्या दाखवा. तुमच्यानंतर कुणीतरी लागेलच."

"ती नाही यायची, साहेब. पाया पडते तुमच्या."

साहेबांनी अर्ज उचलला, त्यावरचा लेकीचा पत्ता मोठ्याने वाचला आणि ड्रायव्हरला हाक मारली.